दिसला नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

"अहो, तो दिसलाच नाही." नाशिकला द्वारका असो, मुंबई नाका असो की सिडकोतला एखादा आतला चौक, चारचाकीने दुचाकीला उडवलं की पंधरा मिनिटांत हे वाक्य ऐकू येतंच. जमलेल्या गर्दीत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खोटं बोलतोय, मोबाइलवर असणार. दुसरा म्हणतो, हे बाइकवाले येतातच कुठूनही. मग पंचनामा होतो, विम्याचे कागद फिरू लागतात, आणि तो का दिसला नाही हे विचारायचं राहूनच जातं. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा तो चालक खरं बोलत असतो, आणि खरं बोलतोय म्हणून त्याला सोडून देण्याचं काही कारण नाही. न दिसण्याला कारणं असतात. ती मोजता येतात आणि त्यातली निम्मीअधिक दूर करता येतात.

सरकारी अहवालानुसार २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्याच अहवालात कारणांच्या रकान्यात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. वेग घातक आहे यात वादच नाही. पण फॉर्ममध्ये 'अतिवेग' लिहिलं की तपास तिथेच थांबतो. बाइक ६० ने येत होती हे खरं, आणि समोरच्या गाडीने तिला पाहिल्याविना उजवं वळण घेतलं हेही खरं, असं दोन्ही एकाच अपघातात असू शकतं. १९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाचा अहवाल आला. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची त्यांनी जागेवर जाऊन छाननी केली होती. ज्यात दुसरं वाहन गुंतलेलं होतं, त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती: जायचा हक्क मोटारसायकलचा असताना ते आडवं आलं होतं. आपल्याकडे अशी जागेवरची छाननी क्वचितच होते.

आता डोळ्याकडे वळू. आपल्याला वाटतं, मान फिरवली की सगळा रस्ता दिसला. प्रत्यक्षात बारीक तपशील दिसतो तो फक्त नजरेच्या मधोमध, साधारण दोन अंशांच्या टापूत. हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याच्या रुंदीएवढ्या. बाकीचं सगळं पुसट असतं आणि मेंदू ते आधीच्या माहितीवरून भरून काढतो. नजर सरकत नाही, उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. उडी चालू असताना दिसणं जवळपास बंद असतं आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. चौकात घाईने उजवी-डावीकडे मान झटकणाऱ्या चालकाला अर्ध्या सेकंदात दोनच थांबे मिळतात. एका थांब्यात रिक्षा दिसली, दुसऱ्यात बस. मधल्या उडीत स्प्लेंडर होती. चालक शपथेवर सांगेल की मी बघितलं होतं. बघितलं होतंच.

यावर उपाय मान हळू फिरवणं एवढाच नाही, थांबवणं हा आहे. उजवीकडे बघताना नजर तीन ठिकाणी टेकवायची: जवळ, मध्ये, लांब. मग डावीकडे, आणि पुन्हा उजवीकडे. सगळं मिळून दोन-अडीच सेकंद जातात. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्यावा.

बाइक दिसली तरी तिचा वेग कळेलच असं नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरळ अंगावर येणाऱ्या वस्तूचा वेग आपण ती डोळ्यात किती झपाट्याने मोठी होते यावरून ओळखतो. ही वाढ एका मर्यादेखाली असेल तर वस्तू जागच्या जागी उभी आहे असंच वाटतं. अभ्यासक ही मर्यादा साधारण सेकंदाला ०.००३ रेडियन, म्हणजे अंशाचा जेमतेम सहावा भाग, धरतात. हिशेब सोपा आहे. ६० किमी वेगाने येणारी, पावणेदोन मीटर रुंदीची मोटार या मर्यादेपार जाते ती सुमारे १०० मीटरवर, म्हणजे तुमच्यापाशी पोचायच्या सहा सेकंद आधी. त्याच वेगाची बाइक हँडलसकट पाऊण मीटर रुंद. ती 'येतेय' हे डोळ्याला कळतं सुमारे ६५ मीटरवर, चारच सेकंद आधी. आता दुसऱ्या बाजूने बघा. आतल्या रस्त्यावरून थांबून निघालेल्या गाडीला ७ मीटर रुंदीचा पट्टा ओलांडून मागचा बंपर बाहेर काढायला जवळजवळ चार सेकंद लागतात. म्हणजे बाइक ७० मीटरवर असताना चालकाने बघितलं, त्याला ती लांब आणि संथ वाटली, त्याने क्लच सोडला, आणि ती जवळ येतेय हे त्याला कळेपर्यंत गाडीचं नाक रस्त्यात आलेलं असतं. ६० च्या वेगाला बाइकवाल्याला भानावर यायला एक सेकंद धरला आणि ब्रेक उत्तम धरले, तरी कोरड्या डांबरावर थांबायला ४० मीटर लागतात. पावसात त्याहून जास्त. गणितात जागा उरते ती फार थोडी, आणि ती सगळी बाइकवाल्याच्या चपळाईवर सोडलेली असते.

रात्री तर हाही आधार जातो. मोटारीचे दोन दिवे एकमेकांपासून दूर होताना दिसतात, त्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. एकच दिवा असला की ती शंभर मीटरवरची बुलेट की तीस मीटरवरची लुना, हे ओळखायला काही नसतं. शिवाय एक हेडलाइट गेलेला पिकअपही असतोच की आपल्या रस्त्यांवर. म्हणून एकटा दिवा येताना दिसला तर अंदाज करायचाच नाही, तो समोरून जाईपर्यंत थांबायचं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्याने दिवसा बाइक उठून दिसते, हा फायदा खरा आहे. पण बॅटरी वाचवायच्या नादात गॅरेजमध्ये त्याला वेगळं बटण बसवून घेणारेही आहेत. दोनशे रुपयांच्या कामात ही सोय संपते.

आता गाडीकडे येऊ. पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना जे तिरके खांब असतात, गॅरेजवाले ज्यांना ए-पिलर म्हणतात, ते गेल्या वीस वर्षांत जाड झाले आहेत. गाडी उलटली तर छत टिकावं, काही गाड्यांत आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग मावावी, यासाठी ते जाड हवेतच. पण उजवा खांब चालकाच्या डोळ्यापासून जेमतेम ७५ सेंटिमीटरवर असतो. त्याची दिसणारी जाडी १० सेंटिमीटर धरा. दोन डोळ्यांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्याचा फायदा वजा केला तरी २० मीटरवर दोन्ही डोळ्यांना न दिसणारी जागा एक मीटरहून रुंद असते. ३० मीटरवर ती दीड मीटर होते. मोटार या न दिसणाऱ्या जागेतून कुठे तरी बाहेर डोकावतेच. समोरून येणारी बाइक चालकासकट, मागे बसलेल्यासकट पूर्ण गडप होते.

क्षणभरच गडप होणार, पुढच्या क्षणी दिसेल, असं वाटेल. तसं नेहमी होत नाही. दोन वाहनं एकाच बिंदूकडे आपापल्या स्थिर वेगाने चालली असतील आणि दोघं एकाच वेळी तिथे पोचणार असतील, तर एकाला दुसरं कायम एकाच कोनात दिसतं. ते काचेवर सरकतच नाही. मोटार चौकाकडे ३० ने येतेय आणि सर्कलमधून काटकोनात बाइक १५ ने येतेय, तर बाइक चालकाच्या उजवीकडे साधारण २६-२७ अंशांवर राहते. बऱ्याच गाड्यांत उजवा खांब तिथेच आसपास असतो. म्हणजे जी बाइक धडकणार नाही ती खांबामागून बाहेर येते, आणि जी धडकणार आहे तीच शेवटपर्यंत मागे राहते. मुंबई नाक्याच्या सर्कलमध्ये शिरताना, किंवा द्वारकेला जिथे इतके रस्ते तिरपे येऊन मिळतात तिथे, हा धोका जास्त. आपल्या गाडीचा खांब किती खातो हे एकदा तपासून बघावं. सुट्टीच्या दिवशी अंबड एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी उभी करा, चालकाच्या जागी बसा आणि कोणाला तरी २० मीटरवरून बाइक हातात धरून हळूहळू आडवी चालवत न्यायला सांगा. बाइक कुठे नाहीशी झाली आणि कुठे परत आली तिथे खडूने खूण करा. त्या दोन खुणांमधलं अंतर एकदा डोळ्यांनी पाहिलं की चौकात बसल्या जागी अंग वीत-दीड वीत पुढे आणि मागे हलवायची सवय आपोआप लागते. पुढे झुकलं की खांब बाजूला जातो. खर्च शून्य.

उरलेल्या आंधळ्या जागा आपण स्वतः विकत घेतो. डॅशबोर्डवर गणपती, शेजारी मोबाइलचा होल्डर, आरशाला लटकवलेली माळ, काचेवर फास्टॅगशेजारी गेल्या वर्षीच्या सोसायटीचं स्टिकर. देवाबद्दल तक्रार नाही. मूर्ती काचेच्या खालच्या रेषेच्या वर येत नसेल तर खुशाल ठेवावी. काळ्या फिल्मचं गणित मात्र समजून घेण्यासारखं आहे. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये याच नियमावर बोट ठेवलं होतं. दुकानदार सांगतो, "साहेब, पन्नास टक्क्यांची आहे, चालते." पण कंपनीची काचच ७० टक्के प्रकाश देत असेल तर त्यावर ५० ची फिल्म लावल्यावर उरतात ३५. संध्याकाळी सात वाजता, पावसात, काळ्या रेनकोटातला बाइकवाला त्या काचेतून शोधायचा म्हणजे अवघडच.

आरशांबद्दल थोडक्यात. रविवार कारंजा, भद्रकालीच्या गल्ल्यांत डावा आरसा मिटवावा लागतो हे कबूल. बाहेर पडल्यावर तो उघडायचा राहतो. उघडा असला तरी बहुतेकांच्या आरशात निम्मी आपलीच गाडी दिसते. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेनाशी होईल इतका तो बाहेर फिरवायचा. डाव्यासाठी डोकं दोन सीटच्या मध्ये आणून तेच करायचं. तरीही मागच्या दाराशेजारची बाइक सुटू शकते, म्हणून डावीकडे वळण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकावीच लागते. सिग्नलला उभ्या गाडीच्या डावीकडच्या दीड मीटरच्या जागेत दुचाक्या येऊन भरणारच. त्यांनी यावं की येऊ नये हा वाद वेगळा. येतात हे माहीत असताना इंडिकेटर न देता डावीकडे गाडी काढणं, याला मी न दिसणं म्हणणार नाही.

मुद्दा इथेच अवघड होतो. युरोपात १९९९-२००० च्या सुमारास ९२१ दुचाकी अपघातांचा सविस्तर अभ्यास झाला. त्यात आढळलं की ज्या मोटारचालकांकडे दुचाकीचाही परवाना होता, त्यांच्याकडून दुचाकी न दिसण्याची चूक कितीतरी कमी झाली. तिथलं स्पष्टीकरण असं की रस्त्यावर दुचाक्या कमी, म्हणून चालकाच्या मनात त्यांची अपेक्षाच नसते. स्वतः चालवणाऱ्याच्या मनात ती असते. हे स्पष्टीकरण नाशिकला जसंच्या तसं लावता येत नाही. इथे मोटार चालवणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी लुना, एम-एटी, स्प्लेंडर किंवा अॅक्टिव्हावर वाढलेला आहे. दुचाक्यांची अपेक्षा नाही असं कोण म्हणेल? सातपूर-अंबडच्या शिफ्ट सुटतात तेव्हा रस्त्यावर दुसरं असतं काय?

मग तरी दिसत का नाही? माझ्या मते आपल्याकडे नजर शोधते ती आपल्याला धोका असणाऱ्या वस्तूंना. डंपर, सिटी बस, कांद्याचा ट्रॅक्टर, खासगी ट्रॅव्हल्स. यांच्यापुढे आपण गाडी घालत नाही कारण नुकसान आपलं होईल. दुचाकी मोटारीला काही करू शकत नाही, त्यामुळे चौकात 'मोकळं आहे का' हे ठरवताना ती मोजलीच जात नाही. त्यात भर म्हणजे रोजचा अनुभव: दहापैकी नऊ वेळा बाइकवाला ब्रेक मारतो, कट मारून निघून जातो, फार तर एक शिवी देतो. चालकाला रोज धडा मिळतो तो हाच की बाइकवाला सांभाळून घेतो. दहाव्याला जमत नाही. तेव्हा 'दिसला नाही' या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात: तो खांबाआड होता, समोर होता पण नजर टेकली नाही, दिसला पण वेग कळला नाही, दिसला, कळला आणि गृहीत धरला. पहिल्या तिन्हींसाठी प्रशिक्षण हवं. चौथ्यासाठी दंड हवा. आपण चारही एकाच पोत्यात भरतो.

बाइकवाल्याचा दोष? आहे, आणि ठिकठिकाणी मोठा आहे. राँग साइडने येणारा दुचाकीस्वार जिथे कोणी बघणारच नाही अशा दिशेने येतो. त्याच्यासाठी चालकाला दोषी धरणं अन्याय होईल. टेललाइट बंद, मागचा लाल रिफ्लेक्टर फुटलेला, आरसे काढून ठेवलेले, हेही रोजचं. दुचाकीवरच्याने करायच्या गोष्टी कमी आहेत पण उपयोगाच्या आहेत. आतल्या रस्त्यावर गाडी नाक काढून उभी दिसली तर सरळ रेषेत न जाता आपल्याच पट्ट्यात थोडं डावी-उजवीकडे सरकावं. सरकणारी वस्तू डोळ्याला लगेच कळते, सरळ येणारी कळत नाही. चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही असं धरावं. वेग ६० चा ४५ केला तर थांबायचं अंतर ४० मीटरवरून २५-२६ वर येतं. हेल्मेटच्या मागे आणि डिकीवर परावर्तक पट्टी, पन्नास-शंभर रुपयांत. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिकला 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम निघाली. तिला माझा विरोध नाही, हेल्मेटने डोकं वाचतं. पण हेल्मेट धडक टाळत नाही. धडकेनंतरचा सगळा भार दुचाकीवाल्यावर आणि धडकेआधीचं कोणीच बघायचं नाही, अशी ही विभागणी झाली आहे.

रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीचं दार हा या विषयाचा अगदी छोटा आणि अगदी सोडवण्याजोगा तुकडा. कॉलेज रोडवर, महात्मा गांधी रोडवर उजवं दार उघडतं ते थेट वाहत्या रस्त्यात. चालकाने ते उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडावं. हात आडवा नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान, आणि नजर आपोआप मागे जाते. लहान मुलांना हे एका दिवसात शिकवता येतं. मोठ्यांना जरा जास्त वेळ लागेल.

उन्हाचंही एक वेळापत्रक असतं. त्र्यंबक रोड, गंगापूर रोड पश्चिमेकडे जातात. हिवाळ्यात संध्याकाळी पाच ते सहा सूर्य नेमका काचेत असतो, आणि काचेच्या आतल्या बाजूला साचलेला धुळीचा थर तेव्हा पांढरा पडदा होतो. बाहेरची काच सगळे पुसतात, आतली कोणी पुसत नाही. महामार्गाच्या उड्डाणपुलाखालून आडवं जाताना उलटं होतं: सावलीतून एकदम उन्हात, आणि मध्ये पुलाचे जाड खांब. त्या खांबांशी गाडी वळवून पूर्ण थांबवल्याशिवाय सर्व्हिस रोडवरची दुचाकी दिसतच नाही. तिथे थांबायची ठळक पट्टी हवी, आणि तीही खांबाच्या कडेशी न आखता जिथून बाजूचा रस्ता खरोखर दिसतो तिथे.

दुभाजकांवरची झाडं हा महापालिकेचा विषय. बुटक्या मोटारीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो, बाइकचा हेडलाइट त्याहूनही खाली. दुभाजकाच्या पंक्चरपाशी, म्हणजे वळण्यासाठी सोडलेल्या फटीपाशी, बोगनवेल, कण्हेर दीड मीटर वाढली की यू-टर्न घेणाऱ्याला समोरच्या बाजूची बस दिसते आणि स्कूटर दिसत नाही. पंक्चरच्या अलीकडे-पलीकडे २५ मीटरपर्यंत झुडपं गुडघ्याएवढी ठेवायची, एवढंच काम आहे. त्याच अंतरात फ्लेक्स नको, पाणीपुरीची गाडी नको, वळणावर उभी रिक्षा नको. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघत आहेत, नवे दुभाजक पडतील. रोपं लावतानाच उंची ठरवली तर छाटणीचा खर्चही वाचेल.

राहिली परवान्याची परीक्षा. कसोटीच्या यादीत आरसा जुळवणं आहे, पण पेठ रोडच्या आरटीओत काय किंवा दुसरीकडे काय, उमेदवाराला खरी भीती असते ती आठ काढताना दांडी पडेल की काय याची. तिथेच तीन मिनिटं जास्त दिली तर पुष्कळ होईल. गाडी उभी असताना डाव्या मागच्या दारापाशी एक स्कूटर आणून ठेवायची आणि विचारायचं, कोणत्या आरशात दिसते? दिसत नसेल तर काय कराल? मग बाजूच्या रस्त्यातून एकदा उजवं वळण घ्यायला लावायचं आणि निरीक्षकाने रस्त्याकडे न बघता उमेदवाराच्या मानेकडे बघायचं. पोलिसांच्या ई-डार नोंदीतही, म्हणजे अपघाताच्या संगणकीय अहवालातही, दुचाकी-मोटार धडकेसाठी चार-पाच साधे प्रश्न वाढवता येतील: चालक किती सेकंद थांबला होता, सूर्य कुठे होता, बाजूच्या काचेला फिल्म होती का, डावा आरसा उघडा होता का, धडकेच्या जागेपासून मागे ३० मीटरवर काय उभं होतं. ही उत्तरं तासाभरात मिळतात. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला गेलेली असते आणि टपरी दहा फूट सरकलेली.